अनुपान आणि कॅफीन

आयुर्वेदानें औषधाइतकाच अनुपानाचाहि विचार केलेला आहे. मध, तूप, दूध किंवा कोमट पाणी यांपैकीं कशाबरोबर औषध द्यावयाचें यावर त्याचा गुण पुष्कळसा अवलंबून असतो, असें वैद्य मानतात. या कल्पनेस हंसणारे आमचे सुशिक्षित स्नेही डोकें दुखूं लागलें कीं गोळीवर कॉफी घेतात! आणि गंमत ही कीं, या अनुपानास पाश्चात्त्य शास्त्राचाहि आधार आहे.

१८१९ सालीं रुंगे या जर्मन रसायनज्ञानें कविवर्य ग्योटे यांनीं दिलेल्या कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळें काढलें. एकट्या कॅफीनानें वेदना फारशी शमत नाहीं. परंतु शरीरांत अ‍ॅडिनोसिन नांवाचें एक द्रव्य असून तें मज्जातंतूंवरील ठराविक जागीं बसून कांहीं वेदना वाढवितें. त्या जागा कॅफीन आधींच अडवितें. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांचें काम निराळें. दाह उत्पन्न करणारीं प्रोस्टॅग्लँडिनें तीं तयारच होऊं देत नाहींत, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ मध्यें दाखविलें. एक शत्रूची रसद तोडतो, तर दुसरा वेस अडवून बसतो.

लाभ किती? १९८४ सालच्या एका अमेरिकन समालोचनांत, कॅफीनावांचून तोच आराम मिळण्यास औषधाची मात्रा सुमारें ४० टक्के अधिक लागते, असें आढळलें. कॉक्रेन संस्थेचें २०१४ चें समालोचन मात्र मोजकें बोलतें: १०० मिलिग्रॅम किंवा अधिक कॅफीन जोडल्यास शंभरांतील आणखी पांच ते दहा रुग्णांस चांगला आराम पडतो. आम्हांस हाच आंकडा अधिक भरंवशाचा वाटतो.

जुन्या वाचकांस एपीसी गोळी आठवत असेल. तींतहि कॅफीन होतें. मूत्रपिंडें बिघडविलीं तीं फेनॅसेटिनानें. आजहि धोका आहे तो मुख्यत्वें जोडीदाराचा: अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन जठरास व्रण पाडूं शकतात, आणि कॅफीन त्यापासून रक्षण करीत नाहीं. घरांतील वृद्धांच्या उशाशीं ही गोळी नित्य असेल तर डॉक्टरांस अवश्य सांगावें. मिश्र गोळ्या महिन्यांतून दहा किंवा अधिक दिवस, असें महिनोन्महिने घेत राहिल्यास त्यांच्यामुळेंच डोकें दुखूं लागतें.

शिवाय रोजची कॉफी चुकली कीं बारा ते चोवीस तासांत डोकें ठणकूं लागतें तें निराळेंच. त्या वेळीं कॅफीनयुक्त गोळीनें उतार पडला, तर तो औषधाचा कीं चुकलेल्या पेल्याचा, हें ओळखणें घरच्या माणसांस कठीणच जातें.