वाकडी मान आणि तीन महिन्यांची मुदत

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात केसपेपरसाठी लोहा, कंधार, मुखेडपासून थेट किनवटपर्यंतची माणसं येतात. मानदुखीची तक्रार अशा मोठ्या ओपीडीला नवी नाही. बहुतेकांचं दुखणं मणक्याचं असतं, नाहीतर थकलेल्या स्नायूंचं. पण मान नुसती दुखत नाही, आपोआप एका बाजूला वळते, हाताने सरळ केली तरी पुन्हा तिकडेच जाते, अशी तक्रार असेल तर गोष्ट वेगळी आहे. हा आजार मणक्याचा नाही. मेंदूतल्या ज्या भागांच्या हाती हालचालींचं नियंत्रण असतं, तिथे बिघाड होतो आणि मानेच्या काही स्नायूंना सतत चुकीचे हुकूम जात राहतात. जुवाचा एक बैल सारखा एका अंगाला ओढत राहावा, तसे ते स्नायू मान ओढत राहतात. याला ‘सर्व्हायकल डिस्टोनिया’ म्हणतात. तो बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

या आजारात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते निदानाआधी. कुणी मान लचकली म्हणून मालिश करवून घेतं, कुणी ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकून गळ्याला पट्टा बांधतं. घरात करणीची कुजबुज सुरू होते. चारचौघांत मान हलते म्हणून लग्नकार्याला जाणं सुटतं. रुग्णाच्या मनाचा खेळ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

ओळखण्याची एक खूण फार बोलकी आहे. हनुवटीला नुसतं बोट लावलं, गालाशी पदराचं टोक धरलं किंवा डोकं मागे भिंतीला टेकवलं की वळलेली मान काही वेळ सरळ होते. स्पर्शात जोर नसतो, तरी फरक पडतो. नातेवाइकांना यात नाटक दिसतं. मेंदूविकारतज्ज्ञाला मात्र याच खुणेवरून निदानाची वाट सापडते.

मान अचानक वाकडी झाली तर आधी औषधांची चौकशी करावी लागते. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडच्या इंजेक्शनानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत कधीकधी मान मागे खेचली जाते, डोळे वर जातात. असं लहान मुलांत आणि तरुणांत विशेषकरून घडतं. पाहणाऱ्याला वाटतं, अंगात आलं. प्रत्यक्षात दवाखान्यात योग्य उतारा टोचला की बहुधा थोड्याच वेळात मान सुटते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही अशी मान वळते. म्हणून आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांना दाखवायलाच हव्यात.

रेंगाळणाऱ्या डिस्टोनियावरचा आजचा मुख्य उपचार एका जहाल विषातून आला आहे. जर्मनीतल्या युस्टिनस केर्नर या डॉक्टरने १८२०च्या सुमारास खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचं बारकाईने वर्णन केलं आणि या विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असा तर्कही मांडला. १८९५मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं आणि त्यांतले तिघे दगावले. त्या तपासातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांना हे विष तयार करणारा जिवाणू सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरून पाहिलं. १९८९मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मानेच्या डिस्टोनियासाठीची तिथली मान्यता २०००मध्ये आली.

हे विष, म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, मेंदूतला बिघाड दुरुस्त करत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी असेटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आखडतो. हे औषध ते सुटणंच थांबवतं. ‘बोटॉक्स’ या नावाने मिळणाऱ्या या औषधाच्या १०० युनिटच्या कुपीत तळाशी जेमतेम दिसेल असा पांढरा थर असतो. एका ग्रॅमचे अब्ज भाग केले, तर त्यातले साधारण पाच भाग, एवढंच विष त्यात असतं. सलाइन घालून, कुपी जोरात न हलवता ते विरघळवतात. मग डॉक्टर बोटांनी चाचपत गुन्हेगार स्नायू शोधतात. मान उजवीकडे वळत असेल, तर डाव्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू आणि उजव्या बाजूचा मानेमागचा स्नायू यांच्यावर सहसा संशय असतो. सुईला स्नायूंची विद्युत-हालचाल टिपणारं ईएमजी यंत्र जोडलेलं असेल, तर आखडलेल्या स्नायूत शिरताच त्यातून कडकड आवाज येतो. काही ठिकाणी सोनोग्राफीवर पाहून सुई टोचतात. भूल लागत नाही. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

गुण तिथल्या तिथे दिसत नाही. आठवडाभरात ओढ सैल पडू लागते, दोन ते सहा आठवड्यांत सर्वाधिक आराम मिळतो आणि साधारण तीन महिन्यांनी असर ओसरतो. मग पुन्हा इंजेक्शन. त्याहून घाईने घेतलं, तर शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ते निकामी करील, अशी भीती असते. काही दिवस मान लुळी वाटणं, तोंड कोरडं पडणं, घास अडकणं हे त्रास होऊ शकतात. गिळणं फारच अवघड झालं किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावं.

मराठवाड्यातल्या रुग्णाला हा तीन महिन्यांचा हिशेब जड जातो. कुपी हजारोंच्या घरात. बहुतेक कुपी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि नांदेडचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. बाहेरून कुपी आणायची तर बर्फाचा डबा हवाच. जवळ तज्ज्ञ नसेल, तर रेल्वेने मुंबई किंवा हैदराबाद. वर्षाकाठी अशा चार खेपा. तालुक्याच्या डॉक्टरांनी हा आजार पहिल्याच भेटीत ओळखला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित इंजेक्शन मिळू लागलं, तर किती घरांची ओढाताण वाचेल!

रुग्णाच्या हाती असलेली काही कामंही मोलाची आहेत. मान वळते तेव्हाचा मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवावा. फिजिओथेरपी चालू ठेवावी. दर वेळी कुपीचं नाव, एकूण युनिट आणि कोणत्या स्नायूत किती टोचलं, हे फाइलवर लिहून घ्यावं. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. डॉक्टर किंवा गाव बदललं, तर पुढचा डोस याच नोंदीवरून ठरतो.