उष्टावण आणि वावडें

एखादा पदार्थ प्रकृतीस मानवत नसला म्हणजे त्याचें ‘वावडें’ आहे असें आपण म्हणतों. शब्द जुना व घरगुती आहे; परंतु वापरून वापरून तो आपण फार सैल करून ठेविला आहे. वांगें आवडत नाहीं त्यालाही वांग्याचें वावडें, उसळ खाल्ल्यानें ज्याचें पोट फुगतें त्यालाही वावडें, आणि काजूचा तुकडा जिभेवर पडतांच ज्याचे ओठ सुजतात त्यालाही वावडेंच. यांतील पहिली केवळ नावड होय व दुसरी पचनाची तक्रार. तिसरा प्रकार मात्र सर्वस्वी निराळा. त्यांत शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून त्यावर तुटून पडते. शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेस व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें. पुढील विवेचनांत वावडें हा शब्द या तिसऱ्या अर्थानेंच घ्यावयाचा आहे.

मुलास पहिलें अन्न केव्हां द्यावें याविषयीं आपल्याकडे फारसा वाद नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत अन्नप्राशनासाठीं सहावा महिना सांगितला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपान चालू ठेवून अन्न सुरू करण्यास सांगते. यावरून आपल्या पूर्वजांना सर्वच ठाऊक होतें असें म्हणण्याची घाई मी करणार नाहीं. काश्यपसंहितेंत सहाव्या महिन्यांत फळें आणि दहाव्यांत अन्न असा क्रम आहे, व तो आजच्या वैद्यकास मान्य होण्याजोगा नाहीं. पण महिन्याचा प्रश्न सोडला तरी, पहिल्या दिवशीं मुलाच्या मुखांत काय जातें हा प्रश्न उरतोच.

उष्टावणाच्या दिवशीं मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीनें खीर चाटविण्याची रीति बहुतेक घरीं आहे. रीति गोड आहे, आणि ती मोडावी असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु त्या खिरींत तांदूळ, दूध, तूप, साखर, बदाम, काजू, केशर व वेलदोडा अशा आठ जिनसा असतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं खीर चाटविल्यावर पंधरा मिनिटांच्या आंत मुलाच्या गालांवर व छातीवर गांधी उठल्या आणि एक पापणी सुजली. आजी म्हणाल्या, केशर उष्ण पडलें. आत्याबाईंच्या मतें दांत येत होते. कोणी दृष्ट काढण्यासाठीं मीठमोहऱ्या आणावयास आंत गेलें. सुदैवानें सूज तासाभरांत उतरली. परंतु दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं विचारलें कीं, यांपैकीं कोणता पदार्थ मुलानें पूर्वीं खाल्ला होता, तेव्हां कोणासही उत्तर देतां येईना. बीजगणित शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं समीकरण एक आणि अव्यक्तें आठ असतील तर उत्तर निघत नाहीं. येथें तोच प्रकार झाला. पुढें तपासाअंतीं दोष काजूचा ठरला. मध्यंतरींचे दोन महिने मात्र त्या मुलास दूध, बदाम व काजू हे तिन्ही पदार्थ बंद होते.

म्हणून समारंभाची खीर नुसत्या तांदळाची व आईच्या दुधाची करावी, अथवा आधींच एकेक करून दिलेल्या पदार्थांचीच करावी. (मध मात्र वर्षाच्या आंत चाटवूंच नये. त्याचें कारण वावडें नव्हे. मधांतील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या मुलास स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम हा विकार होऊं शकतो.) नवा पदार्थ सकाळीं द्यावा, म्हणजे दिवसभर मूल डोळ्यांसमोर राहतें. त्या दिवशीं त्यास ताप, सर्दी नसावी. प्रथम पाव चमचा देऊन दहा-पंधरा मिनिटें थांबावें. कांहीं न दिसल्यास बाकीचें द्यावें, व दोन तास लक्ष ठेवावें. पुढचे तीन दिवस दुसरा नवा पदार्थ आणूं नये. एक वही करावी. तींत तारीख, वेळ, पदार्थ, प्रमाण आणि कांहीं दिसल्यास तें किती मिनिटांनीं दिसलें, एवढें टिपावें. गांधी डॉक्टरांकडे पोहोंचेपर्यंत बहुधा मावळतात. यास्तव हल्लीं घरोघरीं असलेल्या फोनवर त्यांचें छायाचित्र घेऊन ठेवावें.

पाहावयाचें काय? बहुतेक वावडीं कांहीं मिनिटांपासून दोन तासांच्या आंत प्रगट होतात. अंगावर गांधी, ओठ, पापण्या किंवा चेहरा सुजणें, उलटी, एकाएकीं किरकिर व अंग खाजविणें, हीं सामान्य लक्षणें. खोकल्याची उबळ, श्वासांत सूं सूं आवाज, घोगरें रडणें, पांढरें फटक पडून अंग ढिलें होणें, यांपैकीं एक जरी दिसलें तरी घरगुती उपायांत क्षणही दवडूं नये. मुलास आडवें धरावें, ओकारी काढूं नये, आणि जवळच्या रुग्णालयांत न्यावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळचें खरें औषध मांडींत टोंचावयाचें अ‍ॅड्रेनॅलिन हें होय. पित्ताच्या औषधानें गांधी बसतील, परंतु कोंडलेला श्वास मोकळा होणार नाहीं.

दुसरा एक प्रकार फसवा आहे. अन्न दिल्यावर एक ते चार तासांनीं वारंवार उलट्या होतात, मूल निस्तेज व सुस्त होतें. अंगावर मात्र कांहीं उठत नाहीं. पोट बिघडलें असें समजून घरचीं माणसें स्वस्थ बसतात, व तोच पदार्थ पुनः दिला कीं तेंच पुनः घडतें. गाईच्या दुधानें तर हें होतेंच, पण ज्या भातास आपण सर्वांत सौम्य मानतों त्यानेंही क्वचित् होतें. येथें वहीसारखा दुसरा साक्षीदार नाहीं. उलटपक्षीं, टोमॅटो किंवा संत्रें खातांना रस लागला तेवढ्याच जागीं तोंडाभोंवतीं आलेली लाली बहुधा निरुपद्रवी असते. दांत येण्यानें गांधी उठत नाहींत.

आतां भीतीविषयीं थोडें. धोका टाळावा म्हणून शेंगदाणे, तीळ, काजू हे पदार्थ दोन-तीन वर्षें दाखवूंच नयेत असें पुष्कळ माता मानतात. हें मत अडाणीपणाचें नव्हे. ज्यांच्या घराण्यांत वावडीं आहेत अशा मुलांस तीन वर्षेंपर्यंत शेंगदाणे देऊं नयेत, असा सल्ला अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनेंच २००० सालीं दिला होता, व आठ वर्षांनीं तो सोडला. २०१५ सालीं लंडन येथील ‘लीप’ प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब अथवा अंड्याचें वावडें असलेलीं चार ते अकरा महिन्यांचीं ६४० मुलें त्यांत घेतलीं होतीं. कांहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमानें दिले, बाकीच्यांना पांच वर्षांचीं होईपर्यंत वर्ज्य केले. आरंभींची त्वचापरीक्षा ज्यांची निर्दोष होती, त्यांपैकीं वर्ज्य करणाऱ्यांत शेंकडा १३.७ जणांस वावडें जडलें. खाणाऱ्यांत फक्त १.९ जणांस. मात्र तीव्र इसब असलेल्या मुलास पहिला शेंगदाणा डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावा, आणि कोणत्याही लहान मुलास अख्खा दाणा देऊं नये, तो घशांत अडकतो. बारीक वाटलेलें कूट पेजेंत कालवावें. एकदां मानवलेला पदार्थ आठवड्यांतून दोन-तीनदां देत राहावें.

याची उपपत्ति मोठी मनोरंजक आहे. अन्न मुखावाटे आंत गेलें तर शरीर त्यास पाहुणा मानावयास शिकतें. तेंच फाटलेल्या कातडीवाटे शिरलें तर चोर समजतें. म्हणून इसबानें चिरलेल्या अंगास डाळीचें पीठ, साय किंवा शेंगदाण्याचें तेल चोळून न्हाऊं घालण्याचा मोह आवरावा, असें मला वाटतें. हरभऱ्याविषयीं विशेषच, आपल्या उपखंडांतील वावड्यांत तो प्रमुख आहे, असें मुंबईच्या संशोधकांनीं २००१ सालीं मांडलें आहे.

शंका आली कीं पन्नास पदार्थांची रक्तपरीक्षा एकदम करून घेण्याची टूम हल्लीं निघाली आहे. ती पैसे व मनःस्वास्थ्य दोन्ही घालविणारी आहे. अशा परीक्षेंत शरीरानें एखाद्या पदार्थाची ओळख ठेविली आहे एवढेंच कळतें. तो खाल्ल्यानें अपाय होईलच असें नाहीं, आणि उलट्यांचा जो उशिरा होणारा प्रकार वर सांगितला तो तींत बहुधा सांपडतही नाहीं. नुसत्या कागदावरून दूध, गहूं, डाळी तोडलेलीं मुलें मग वजनांत मागें पडतात. वहींत ज्या पदार्थाचें नांव आलें, त्याचीच परीक्षा डॉक्टरांस करूं द्यावी. दूध, अंडें व गहूं यांचें वावडें बहुतेक मुलांत पुढें ओसरतें. शेंगदाणे व काजूचें बहुधा टिकतें. तें ओसरलें कीं नाहीं हें घरीं चोरून चाखवून पाहूं नये. रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखत मोजून खाऊं घालून तें पाहतात, व त्या दिवशीं ही वही बरोबर न्यावी.