नवरीचा रंग आणि बाटलीतला रंग

लग्नघरात नवरी मुलीला नटवण्याचे काम पूर्वी कुणा एकीचे नसे. चुडा भरायला कासार दारी येई. अंबाडा घालण्यात जिचा हात बसलेला असे, ती मावशी किंवा काकू ऐन वेळी स्वयंपाकघरातून शोधून आणावी लागे. नथ घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या डब्यातून निघे, आणि कुंकू लावताना आजीचा हात थरथरला तर त्या थरथरीसकट ते कुंकू मुलगी दिवसभर मिरवी. मेणावर रेखलेले कुंकू, डोळ्यांत घरचे काजळ, तोंडावरून फार तर पावडरीचा एक हात, की झाली नवरी तयार!

या सगळ्या गोतावळ्याची जागा आता एकट्या बाईने घेतली आहे. चाकांची पेटी ओढीत ती कार्यालयात येते, आरशाभोवती आपले दिवे लावते आणि बाकी सगळ्यांना खोलीबाहेर घालवते. तिला मेकअप आर्टिस्ट म्हणतात. मराठीत तिला काय म्हणावे, हा प्रश्न माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या बाईला पडणे साहजिकच आहे. ‘रंगभूषाकार’ हा आपला चांगला शब्द आहे; पण तो नाटकाच्या पडद्यामागचा. तिथे रंग लावायचा तो दुसऱ्या कुणाचे तरी रूप घेण्यासाठी. बालगंधर्वांची (1888–1967) साडी नेसण्याची, केस बांधण्याची, गजरा माळण्याची तऱ्हा त्या काळच्या बायका उचलीत. म्हणजे पुरुषाने बाईचे रूप घ्यायचे आणि बायकांनी त्या रूपाचे रूप घ्यायचे! पण तो रंगमंच झाला. बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीने कुणाचे रूप घ्यायचे?

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न झाले. त्याआधीचे दोन महिने हा प्रश्न आमच्या घरी मुक्कामालाच होता.

भाची सावळी आहे. नाकीडोळी तरतरीत, केस भरपूर आणि रंग थेट तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा. हल्ली लग्नाआधी मेकअपची ‘ट्रायल’ घेतात. (तिचे पैसे निराळे. एकूण आकडा ऐकला तेव्हा, तासिका तत्त्वावर शिकवीत होते त्या दिवसांतले माझे पाच महिन्यांचे मानधन मला आठवले.) आम्ही तिघी गेलो. पडदे ओढलेली थंडगार खोली, आरशाभोवती बल्बांची माळ आणि समोर फाउंडेशनच्या बाटल्यांची रांग. बाटल्यांवरची नावे पाहिली तर मिठाईच्या दुकानात आल्यासारखे वाटावे! हनी, आल्मंड, कॅरॅमल. माणसाच्या कातडीला खाण्याच्या पदार्थांची नावे द्यायची कल्पना कुणाला सुचली असेल, कोण जाणे.

बाईंनी भाचीकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता रांगेच्या उजळ टोकाची बाटली उचलली. “थोडं ब्राइट करू या,” त्या म्हणाल्या. तासाभराने आरशात एक गोरी मुलगी बसलेली होती. ताईचा चेहरा खुलला. भाचीने मात्र मांडीवरचे दोन्ही हात उचलून गालांपाशी धरले आणि माझ्याकडे पाहून विचारले, “मावशी, हे हात कुणाचे गं?”

“हातांनाही लावू ना. गळ्याला, पाठीला, सगळीकडे लावतो आम्ही,” बाई म्हणाल्या.

“मग मेंदीचं काय करणार?”

याला उत्तर आले नाही. ताई हलक्या आवाजात म्हणाली, “फोटोत बरं दिसतं गं. फोटो जन्मभर राहतात.”

वाचकांपैकी कुणी ताईला नावे ठेवण्याआधी मला थोडे मागे जायला हवे. 1993 ते 1995 अशी दोन वर्षे आमच्या घरात ताईला ‘पाहण्याचे’ कार्यक्रम चालले होते. मी तेव्हा शाळेत होते आणि पोह्यांच्या बशा आत-बाहेर करण्याचे काम माझ्याकडे असे. आधीचे आठ दिवस आई ताईच्या चेहऱ्याला साय आणि मसुराचे पीठ लावी. पाहुणे जात, आठवड्याने पत्र येई, ‘पत्रिका जुळत नाही.’ एका घराने तर पत्रिका मागितलीच नव्हती. त्यांचीही जुळली नाही! ताई आज हा किस्सा हसत सांगते. पण तो अजून सांगते, यातच सगळे आले. आपल्या मुलीकडे मांडवात पाहुण्यांनी पाहावे आणि मनातल्या मनात ‘मुलगी चांगली आहे, पण...’ एवढेसुद्धा म्हणू नये, हीच तिची इच्छा होती. त्या एका ‘पण’साठी ती उजळ टोकाची बाटली विकत घ्यायला निघाली होती.

आपण मराठी माणसे या बाबतीत मोठी गमतीची आहोत. आपला पंढरीचा देव सावळा, त्या सावळेपणावर संतांनी शेकडो अभंग रचले, आपण ते डोळे मिटून गातो. द्रौपदीचे एक नाव कृष्णा, आणि ते तिच्या रंगावरूनच पडलेले. पण वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर मुलीचा रंग लिहायची वेळ आली की आपल्या लेखणीतून ‘सावळी’ हा शब्द उतरत नाही. तिथे आपण ‘गव्हाळ’ लिहितो, फार धीर केला तर ‘निमगोरी’ लिहितो. ‘निमगोरी’ या शब्दाइतका भित्रा शब्द मराठीत दुसरा नसेल.

बाजाराने ही भीती फार लवकर ओळखली. मुंबईत तयार होणारे अफगाण स्नो हे क्रीम 1919 सालापासूनचे; त्याच्या नावातच बर्फ होता. 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराचे, आणि ते म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप, लक्ष्मी पॅरिसहून फिरून आपल्याकडे परत आली ती पावडर-लिपस्टिक घेऊन. तिथवर ठीक होते. पण 1975 साली फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि गोरेपणा नळीतून विकत मिळू लागला. 2020 साली त्या नावातला ‘फेअर’ गेला आणि तिथे ‘ग्लो’ आला. नाव बदलले, हे बरेच झाले. फॉर्मवरचा रकाना मात्र आपण आपल्या हाताने भरतो, तो अजून तसाच आहे.

आणि हे केवळ मनाच्या दुखण्यापुरते राहत नाही. लग्न ठरले की ‘दोन महिन्यांत उजळ’ करणाऱ्या, वर धड पत्ताही नसलेल्या डब्या घरात येऊ लागतात. अशा काही क्रीमांत पारा असतो, काहींत स्टिरॉइड. 2023 साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आढळले, त्यांचा माग काढता काढता डॉक्टर पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीमांपर्यंत पोचले. स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत म्हणून सरकारने 2018 साली त्यांतली चौदा औषधे कडक यादीत घातली, कारण ती फार दिवस चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात. अशी डबी भाचीसाठीही कुणीतरी प्रेमाने आणून दिली होती. ती मी माझ्या पर्समध्ये टाकली आणि परत काढली नाही.

ताईचे मन मात्र माझ्या व्याख्यानाने वळले नाही. घरात माझ्या व्याख्यानांची किंमत काय आहे, ते मला ठाऊक आहे. ते वळले उन्हाने. ट्रायलहून आल्यावर भाची तशीच गच्चीत जाऊन उभी राहिली. थंड खोलीतल्या पिवळ्या दिव्यांखाली जी गोरी दिसत होती, ती दुपारच्या उजेडात करडी दिसू लागली. सावळ्या कातडीवर फार उजळ फाउंडेशन बसवले की असेच होते: त्यातला पांढरा रंग खालच्या सावळ्या रंगात मिसळून राखेसारखी छटा येते, घाम आला की ती कपाळाच्या कडेने फाटत जाते. ताईने मुलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवले आणि बराच वेळ पाहिले. “हा गोरा रंग नाही गं,” ती म्हणाली, “ही तर आजारी दिसतेय.” आणि ती खाली जाऊन दुसरी मेकअपवाली शोधायला लागली.

दुसरी मुलगी पंचविशीची, बोलायला फटकळ. तिने आधी खिडकीचा पडदा सारला, भाचीच्या जबड्याच्या कडेला तीन बाटल्यांचे तीन पट्टे ओढले आणि आम्हालाच विचारले, “कुठला दिसेनासा झाला?” जो कातडीत विरून गेला, तो रंग तिचा. मधला पट्टा गेला होता. पट्टा गालावर ओढू नये, जबड्यावर ओढावा, म्हणजे मानेशी ताडून पाहता येते, हेही तिनेच सांगितले. मग तिने मुहूर्त विचारला. दुपारी बारा-सव्वाबाराचा, मे महिन्यातला. “म्हणजे ऊन, घाम आणि होमाचा धूर,” ती म्हणाली आणि अर्ध्या बाटल्या पेटीत परत ठेवल्या. जाड थर देऊन चालणार नव्हते. पातळ थर, तो नीट सुकला की वर दुसरा, असे करावे लागणार होते. मस्कारा पाण्याला दाद न देणारा हवा, कारण पाठवणीला सगळ्या रडतातच. फोटोंच्या बाबतीतही तिचे एक म्हणणे पटले. उन्हापासून रक्षण करणाऱ्या काही क्रीमांत टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असते. ते फ्लॅशचा उजेड परत फेकते आणि फोटोत चेहरा पिठाळ दिसतो. म्हणून ट्रायलच्या दिवशीच फ्लॅश टाकून एक फोटो काढून पाहावा.

आपल्या लग्नांत आणखी एक गोष्ट असते आणि ती परगावच्या झगझगीत जाहिरातींत कुठेच सांगितलेली नसते: हळद. ट्रायल होते हळदीच्या आधी, खरा मेकअप हळदीनंतर. आदल्या संध्याकाळी मुलगी पिवळी झालेली असते आणि तो रंग केसांच्या मुळाशी, कानांमागे, नखांच्या कडेला घट्ट बसतो. म्हणजे जबड्यावर नेमका जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी जुळेल, याची खात्री नाही. म्हणून हळदीच्या आधी अंगाला थोडे तेल लावून घ्यावे, नंतर तेलानेच पुसून मग बेसनाने धुवावे. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही. ताईला हे ठाऊक होते. तिला ते आमच्या आजीने तिच्या लग्नात सांगितले होते.

मेंदी मात्र दोन दिवस आधीच काढावी. तिचा रंग धुतल्याबरोबर केशरी दिसतो. तो पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने गडद होतो. तासाभरात काळीकुट्ट रंगणारी मेंदी कुणी देऊ लागले तर तिला हात लावू नये. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतोच. त्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन असते आणि त्याने हातावर फोड उठलेले पाहण्यात आहेत. टिकलीच्या गोंदानेही काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. कुंकवाचे तसेच. पूर्वी हळकुंडांवर लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे चढवून कुंकू करीत, म्हणजे हळद आणि कुंकू ही सख्खी भावंडेच. आजच्या डबीतले कुंकू त्या घराण्यातले असेलच असे नाही. तेव्हा जे जे लावायचे ते सगळे आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. ब्लीच, फेशियल यांचे नवे प्रयोग शेवटच्या आठवड्यात करूच नयेत. करायचेच असेल तर झोपावे. पण लग्नघरात तेवढे एकच मिळत नाही.

लग्नाच्या दिवशी फारसे सांगण्यासारखे घडले नाही, हीच सांगण्यासारखी गोष्ट. कार्यालयाच्या खोलीतला आरसा ट्यूबलाइटच्या नेमका पाठीमागे होता; तो आम्ही उचलून खिडकीशी नेला. मामाने दिलेली पिवळी साडी, हिरवा चुडा, कपाळावर चंद्रकोर. मुंडावळ्यांच्या दोरीने कपाळावरचा रंग निघतो, म्हणून ती मुलगी दोरी बांधून झाल्यावर पुन्हा एकदा ब्रश फिरवून गेली. नथ सगळ्यांत शेवटी. गौरीहरापुढे बसलेली भाची तिच्या आईसारखी दिसत होती, असे तिघी-चौघी बायका ताईला येऊन म्हणाल्या. ताईने प्रत्येकीला “हो, माझाच रंग घेतलाय तिने” असे उत्तर दिले, आणि ते तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

एक गोष्ट मात्र घाईत कुणाच्याच लक्षात राहत नाही. रात्री हे सगळे उतरवायचे कसे? सासरी पोचेपर्यंत दहा वाजतात, केसांत चाळीस-पन्नास पिना असतात, स्प्रेने केस काथ्यासारखे झालेले असतात आणि मस्कारा नुसत्या पाण्याने हलत नाही. नव्या घरात पहिल्याच रात्री कुणाकडे काय मागणार? ताईने खोबरेल तेलाची लहानशी बाटली, कापसाचा पुडा आणि धुवट धोतराचे दोन मऊ तुकडे एका पिशवीत घातले आणि ती पिशवी भाचीच्या बॅगेत शालूंच्या वर ठेवली, उघडल्याबरोबर हाताला लागेल अशी.