वेटिंग रूमची किल्ली

गाडीने कुठे जायचे म्हटले की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. आदल्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधायची. आणि सकाळी उठल्यापासून बायकांनी पाणी प्यायचे नाही. पुरुषमंडळी दोन-दोन कप चहा घेतात, वर तांब्याभर पाणी पितात. आम्ही मात्र नुसते ओठ ओले करतो. “स्टेशनवर कुठं सोय असते गं?” असे सासूबाई म्हणतात, आणि त्यांचे ऐकून मीही माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तेच सांगत आले. हे आपण लेकीला शिकवायला नको होते, हे मला गेल्या वर्षी कळले.

माझे माहेर परतूर आणि सासर जालना. त्यामुळे मनमाड-सिकंदराबाद मार्ग म्हणजे माझा जाण्यायेण्याचा अंगणातला रस्ताच. निजामाच्या राजवटीत घातलेला हा मार्ग पुढे जवळजवळ नव्वद वर्षे मीटर गेजच होता. सासूबाई सांगतात, तेव्हा मुंबईला जायचे म्हणजे मनमाडला गाडी बदलावी लागे. एका काखेत मूल, दुसऱ्या हातात ट्रंक, डोक्यावरचा पदर दातात धरलेला आणि मोठ्या गाडीची वाट पाहत रात्र काढायची. “पण मनमाडच्या बायकांच्या खोलीत एक आया असायची हो,” हे त्या आजही आवर्जून सांगतात. गाडी किती उशिरा आली ते त्यांना आठवत नाही, आया मात्र आठवते!

१९९०च्या दशकात रूळ रुंद झाले आणि मनमाडची ती धावपळ संपली. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. ‘अमृत भारत’ योजनेत जालना स्टेशनचे नाव आहे. हे सगळे पाहून मलाही बरे वाटते. पण तुम्हीच सांगा, आपण बायका रोज कुठे जातो? माहेरी, लग्नाकार्याला, बाळंतिणीला आणायला. म्हणजे त्या वेगवान गाड्या जिथे थांबत नाहीत, अशा लहान स्टेशनांवरच आपला निम्मा प्रवास होतो.

तशाच एका लहान स्टेशनवर मी गेल्या वर्षी धाकट्या नणंदेला बाळंतपणासाठी आणायला गेले होते. स्टेशनचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तिला सातवा महिना. गाडी दहाची, बारा वाजले तरी पत्ता नाही. ‘महिला प्रतीक्षालय’ अशी पाटी होती, खाली गंजलेले कुलूप. संडास आतच. तिकिटाच्या खिडकीवर विचारले, तर “किल्ली मास्तरांकडं.” मास्तर म्हणाले, “सफाईवाल्याकडं आहे, तो आज आला नाही.”

शेजारी शेंगा विकत बसलेली बाई हसून म्हणाली, “ते कुलूप म्या कधी उघडं बघितलं न्हाई, बाई. आम्ही तिकडं बाभळीआड जातो.”

नणंद काही उठली नाही. “वहिनी, घरी गेल्यावर बघू,” म्हणाली. मी बाटली पुढे केली, तर तिने मानेनेच नको म्हटले. गाडी आली तेव्हा फलाट खाली आणि डब्याची पायरी ही एवढी उंच! कशीबशी तिला वर चढवली. डब्यात बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी ओटीपोटात दुखू लागले, ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला दिली. तिथे जंतुसंसर्ग झाला होता. “पाणी कमी पिता आणि तासन् तास रोखून धरता. एरवीही हे वाईटच, पण गरोदरपणी हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर आईला आणि बाळाला दोघांनाही त्रास,” असे त्या जरा रागावूनच म्हणाल्या. औषधाने आठ दिवसांत उतार पडला. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे नशीब.

पण ते आठ दिवस मी विसरले नाही. पुन्हा त्या गावी जाणे झाले तेव्हा मास्तरांकडे तक्रारवही मागितली. “ताई, तोंडीच सांगा ना,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही कुणी माणसे पुरवत नसतील. मी म्हटले, “नाही, लिहूनच देते.”

लिहायला बसले आणि खरे सांगते, हात अडला. सातवीच्या मुलांना मी निबंध शिकवते, पण परक्या पुरुषासमोर ‘संडास’ हा शब्द कागदावर उतरवताना मला घाम फुटला. तेव्हा लक्षात आले, कुलूप नुसते दाराला नव्हते. आपणच कुणी हे मोठ्याने बोलत नाही; मग किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी कोण करणार? चार सरळ ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली.

घरी आल्यावर हे म्हणाले, “एवढ्या मोठ्या खात्यात तुझ्या चार ओळी कोण वाचणार?” दीड महिन्याने उत्तर आले, नेहमीच्या सरकारी भाषेतले. पण नणंदेला सासरी पोचवायला गेलो तेव्हा काय पाहिले? तिकीट खिडकीशेजारी खिळ्याला किल्ली टांगलेली, तिला लाकडाचा हा एवढा ठोकळा बांधलेला! खोलीच्या दारात ती शेंगावाली सावलीला बसली होती. आत नळ मात्र कोरडाच होता. म्हणून मी पुन्हा वही मागितली.

मैत्रिणींनो, ही मेहेरबानी नव्हे. कोणत्या प्रतीच्या स्टेशनवर निदान काय असावे, हे रेल्वेने स्वतःच ठरवले आहे. पिण्याचे पाणी, बसायला बाक, सावली, दिवे, स्वच्छतागृह अशी ती यादी आहे. प्रवासाला निघताना आणखी एवढे लक्षात ठेवा:

तक्रारवही स्टेशन मास्तरांकडे असते. मागायला लाजू नका. स्टेशनचे नाव, तारीख, वेळ आणि नेमकी अडचण एवढेच लिहा. रागाचे शब्द नकोत. वही मिळाली नाही तर १३९ या क्रमांकावर फोन करा. गाडीत कुणाचा त्रास झाला तरी हाच क्रमांक.

एकट्या किंवा बायका-बायकाच निघालात तर स्लीपर डब्यात स्त्रियांसाठी सहा बर्थचा कोटा आहे. ४५ वर्षांपुढच्या आणि गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. गरोदर असल्यास डॉक्टरांचा दाखला घेऊन खिडकीवर जावे. सासूबाईंच्या वयाच्या स्त्रियांना तिकिटात मिळणारी निम्मी सवलत मात्र मार्च २०२०पासून बंद आहे.

तिकीट हरवले, दंडाला पैसे नाहीत, तरी घाबरून जाऊ नका. १९८९च्या रेल्वे कायद्याचे १३९वे कलम सांगते की, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथे गाडीत चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण, आणि तेही दिवसाउजेडीच.

आणि पाणी प्या. एकदम तांब्याभर नको, घोट घोट, पण प्या.

ऑगस्ट २०२४मध्ये जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्या वाटेवरही लहान स्टेशने येतील, तिथेही लेकी माहेरी उतरतील. तिथल्या खोल्या बांधताना पाण्याचा नळ आणि किल्लीचा खिळा पहिल्या दिवसापासून असावा, एवढेच मागणे.

परवा परतूरला निघालो तेव्हा लेकीने सवयीने विचारले, “आई, आज पाणी प्यायचं नाही ना?” मी तिचा पेला भरला. मग स्वतःचाही भरला. सासूबाई बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मलाही दे गं घोटभर.”