परसातील कोंबड्या आणि साप

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात घराजवळ येतात. वसईतील आपल्या वाड्यांत परसातले खुराडे ही त्यांना आयतीच सापडणारी जागा होय. मात्र बहुधा साप केवळ कोंबडीसाठी येत नाही. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर जमतात आणि उंदरांमागे धामण वा नाग येतो. अंडी व पिल्ले मग ओघानेच गिळली जातात. म्हणून सायंकाळी दाणे झाडून घ्यावेत व अंडी रोज उजेडातच काढावीत.

नेहमीची षट्कोनी जाळी कुत्र्या-मांजरांना अडवते, सापाला नव्हे. पाव इंची छिद्रांची चौकोनी जाळी लावून ती वीतभर जमिनीत पुरावी. दाराखालची फट तशीच राहिली तर सारा खर्च व्यर्थ! कार्बोलिक आम्लावर अनेकांची भिस्त असते, पण त्याने साप थांबत नाही.

खरा धोका अंधारात खुराड्यात घातलेल्या हाताला आहे. आधी विजेरीने पाहावे. साप दिसल्यास काठी उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, घोणस, धामण मारणे गुन्हा आहे. वनखात्याला वा सर्पमित्राला कळवावे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते.