जुन्या ओम्नी व्हॅनमधील विद्युतदोषांचे निदान व दुरुस्ती : एक विवेचन

प्रस्तावना

मारुती व्हॅन १९८४ साली भारतीय बाजारपेठेत आली आणि १९८८ पासून ती ‘ओम्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ७९६ घन सेंटीमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढील आसनांखाली असलेल्या या वाहनाचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तथापि महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत शाळकरी मुलांची ने-आण, मालवाहतूक आणि रुग्णवाहतूक यांसाठी तिचा वापर होत राहिला. या श्रेणीतील अनेक वाहनांचे वय आता वीस वर्षांहून अधिक आहे. ‘सेल्फ लागत नाही’, ‘दिवे मंद पेटतात’ आणि ‘बॅटरी उतरते’ या तीन तक्रारी अशा वाहनांत वारंवार उद्भवतात. त्यांवर उपाय म्हणून प्रथम बॅटरी, नंतर सेल्फ मोटर व शेवटी अल्टरनेटर बदलण्याची रीत सर्वत्र दिसते. प्रस्तुत लेखात या दोषांचा विचार ओहमच्या नियमाच्या आधारे केला असून, सुटे भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करणे का आवश्यक आहे हे स्पष्ट केले आहे.

विद्युतयंत्रणेचे स्वरूप

वाहनातील शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट, तर निम्म्या भारित बॅटरीचा सुमारे १२.२ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हा दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत नेतो. धन अग्रापासून निघालेली धारा तारेतून उपकरणापर्यंत जाते. परतीचा मार्ग मात्र वाहनाच्या पत्र्यातून असतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात. म्हणजेच परिपथाचा अर्धा भाग तारेचा, तर अर्धा पत्र्याचा असतो. तार जुनी होते त्याचप्रमाणे पत्राही गंजतो, ही साधी बाब निदान करताना दुर्लक्षित राहते.

जोडांमधील रोध : दोषाचे मूळ

सेल्फ मोटर इंजिन फिरविताना शंभर अँपिअरहून अधिक धारा ओढते. तिच्या मार्गातील एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असला, तरी १५० अँपिअर धारेला तेथे १.५ व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि २२५ वॅट शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. सेल्फ संथ फिरतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

दिव्यांचेही तसेच आहे. तंतुदिव्याचा प्रकाश दाबाच्या साध्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने घटतो. दाब दहा टक्क्यांनी कमी झाला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. ब्रेक दाबताच मागील इंडिकेटरही मिणमिणू लागणे हे मागील दिव्यांचा सामाईक अर्थ तुटल्याचे लक्षण होय. परतीची वाट बंद झाल्याने धारा शेजारच्या दिव्यातून वाट काढते. इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने त्याला पत्र्याशी जोडणारी स्वतंत्र अर्थ-पट्टी लागते. ती निकामी झाल्यास सेल्फची धारा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाहू शकते व ती केबल तापते. कोकण किनारपट्टीवरील खारट व दमट हवेत तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात आणि ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते.

निदानाची पद्धती

असा अल्प रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम-मापनात विश्वसनीयपणे दिसत नाही. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी मीटर परिपथ अखंड असल्याचे दर्शवितो. म्हणून परिपथ भाराखाली असताना दाबातील घट मोजणे हीच योग्य पद्धती ठरते.

प्रथम बॅटरीचा विश्रांत दाब पाहावा. तो समाधानकारक असल्यास मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर ठेवून सेल्फ फिरवावा. वाचन ०.२ व्होल्टहून अधिक आल्यास दोष अर्थच्या मार्गात आहे असे समजावे. हीच कृती धन अग्र व सेल्फची जाड तार यांच्यामध्ये करावी; तेथे ०.५ व्होल्टपर्यंतची घट चालते. दोन्ही वाचने मर्यादेत असूनही सेल्फ संथ असेल, तरच बॅटरीची भाराखालील क्षमता व खुद्द मोटर यांकडे वळावे.

बॅटरी उतरण्याच्या तक्रारीत गळती-धारा मोजावी लागते. ५ वॅटचा एक आतील दिवा दरवाजाच्या बिघडलेल्या स्विचमुळे पेटत राहिला, तर तो सुमारे ०.४२ अँपिअर धारा घेतो. तीन दिवसांत ही खर्ची सुमारे ३० अँपिअर-तास होते. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास रिकामी होते. सुट्टीत उभी राहिलेली शाळेची व्हॅन पहिल्याच दिवशी सुरू न होण्यामागे असे क्षुल्लक कारण असू शकते. सर्व उपकरणे बंद करून ऋण अग्र व त्याची तार यांमध्ये अँपिअर-मापक जोडावा आणि एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजमुळे वाचन घटते, तो परिपथ सदोष होय. या वेळी सेल्फ मात्र फिरवू नये, अन्यथा मापक निकामी होतो. सर्व फ्यूज काढूनही वाचन कायम राहिल्यास अल्टरनेटरमधील डायोड तपासावेत.

फ्यूजचा प्रश्न

फ्यूज हा उपकरणाचे नव्हे, तर मुख्यत्वे तारेचे रक्षण करतो. वारंवार उडणाऱ्या १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज किंवा तांब्याची तार बसविली, तर तक्रार थांबते पण दोष शाबूत राहतो. धारा दुप्पट झाली की तारेतील उष्णता चौपट होते. मूळचे ६० वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर धारा घेतात; त्यांच्या जागी १०० वॅटचे दिवे बसविल्यास ती जवळजवळ १७ अँपिअर होते, तार मात्र जुनीच असते. ज्या व्हॅनमध्ये इंजिन आसनांखाली आहे, इंधन म्हणून वायूचा संच बसविला आहे आणि मागे मुले बसली आहेत, तेथे हा प्रश्न केवळ दुरुस्तीचा राहत नाही.

दुरुस्ती

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी व ती शेवटी जोडावी. त्यामुळे पाना पत्र्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका टळतो. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असल्याने ही काळजी महत्त्वाची आहे. सदोष जोड उघडून धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. तुटलेली तार पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी योग्य मापाचा लग दाबून बसवावा. जादा उपकरणासाठी बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज व रिले घ्यावा. दुरुस्तीनंतर तेच मोजमाप पुन्हा करून पूर्वीच्या वाचनाशी ताडून पाहावे. त्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जुन्या व्हॅनमधील अनेक विद्युतदोष सुट्या भागांत नसून त्यांना जोडणाऱ्या दुव्यांत असतात, आणि एका साध्या मल्टिमीटरने ते शोधता येतात. वाहनावरच उपजीविका असलेल्या चालकाला यामुळे अनावश्यक अल्टरनेटर वा सेल्फ मोटरचा खर्च टाळता येतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ओहमचा नियम रोध-तारेच्या साहाय्याने पडताळला जातो. आवारात उभ्या असलेल्या जुन्या वाहनावर दाब-घटीचा प्रयोग करविल्यास विद्यार्थ्यांना त्याच नियमाचा व्यवहारातील अर्थ उमगेल, आणि फ्यूजच्या जागी तार बसविणे धोक्याचे का, याचे उत्तर ते स्वतःच्या मोजमापातून देऊ शकतील.