घासूनपुसून घालवलेला इतिहास

जुनं लष्करी पिस्तूल जितकं चकचकीत, तितका जाणकार माणूस सावध होतो. शंभर वर्षांचं पोलाद, त्यातली काही वर्षं युद्धाच्या चिखलात गेलेली, आणि अंगावर एक ओरखडा नाही? असं पिस्तूल एक तर आयुष्यभर कपाटात पडून राहिलेलं असतं, नाहीतर नंतर कुणीतरी घासून त्याला नवा रंग चढवलेला असतो. दुसरीच शक्यता जास्त. आणि घासताना नुसता गंज जात नाही. ते कुठे बनलं, कुणी वापरलं, कुठे कुठे फिरलं, याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

जर्मनीचं माउझर सी-९६ घेऊ. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या कारखान्यात हे पिस्तूल १८९६ पासून चार दशकं बनत होतं. चापाच्या पुढे दहा काडतुसांची पेटी, मागे गोल लाकडी मूठ, आणि लाकडी म्यान असं की ते मुठीला जोडलं की पिस्तूल खांद्याला लावून बंदुकीसारखं झाडता येतं. तरुण विन्स्टन चर्चिल १८९८ साली सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत हेच घेऊन उतरले होते.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घेतली की तपासणारा आधी रंग बघतो. पोलादावरचा निळसर काळा थर हा रंग नसतोच मुळी. तो एक प्रकारचा गंजच असतो. त्या काळी कारखान्यात पोलादावर आम्लयुक्त द्रावण पुसून ते दमट जागी ठेवत. लाल गंज धरला की उकळत्या पाण्यात बुडवत. उकळत्या पाण्यात तो लाल गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वर राहिलेली भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं अनेकदा. म्हणजे गंजापासून वाचण्यासाठी गंजाचाच लेप. वर्षं सरतात तसा हा थर किंचित तपकिरी, जांभळट होत जातो. नंतरच्या काळात आलेल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाची काळी, तुकतुकीत छटा वेगळी असते आणि सरावलेल्या डोळ्याला ती लगेच खटकते.

चाप आणि इतर काही बारीक भाग मात्र नुसत्या उष्णतेने निळे केलेले असत. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा येतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मोरपिशी निळा दिसतो. हा पापुद्रा इतका नाजूक असतो की हाताळणीत तो सर्वांत आधी उडतो. म्हणून एखाद्या कोपऱ्यात तो टिकलेला दिसला तर जाणकाराला मनापासून आनंद होतो.

खरी झीज कुठे होते हेही ठरलेलं असतं. म्यानातून आतबाहेर होताना नळीचं तोंड आणि धारदार कडा आधी पांढऱ्या पडतात. आता भिंग घ्या आणि प्रकाश आडवा पाडा. गंजाने खाल्लेले बारीक खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांच्या तळातही सुरेख काळा रंग आहे, असं दिसलं तर प्रश्नच मिटला: गंज आधी, रंग नंतर. कारखान्याच्या नावाची अक्षरंही बोलतात. ठसा मारताना धातू कडेला किंचित वर उचलला जातो. ती उचललेली कड बोटाला लागत असेल तर पृष्ठभाग मूळचा आहे. अक्षरं उथळ, कडा गोलसर झालेल्या असतील, तर त्यावरून पॉलिशचं चाक फिरलेलं आहे.

नळीच्या आतली अवस्था बाहेरून कळत नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा मिठाच्याच जातीचा क्षार हवेतली ओल ओढून घेतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे रोज इमानाने तेल घालणाऱ्या सैनिकाचंही पिस्तूल आतून सडत जाई. बाहेरून राखलेल्या पिस्तुलाची नळी आतून काळवंडलेली निघाली, तर ते भरपूर वापरलं गेलं असं नाही; बार उडाल्यावर नळी पाण्याने धुतली गेली नाही, हा त्याचा साधा अर्थ.

ओळखही अशीच बारकाईने पटवावी लागते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, प्रशियाच्या लष्कराने ९ मिलिमीटरच्या दीड लाख माउझरची मागणी नोंदवली. एरवीचं काडतूस ७.६३ मिलिमीटरचं, घोटाळा होऊ नये म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवला गेला. संग्राहकांत या ‘लाल नऊ’ला मोठा भाव, म्हणून बनावट नऊही पुष्कळ. पण नऊचा आकडा कुणीही कोरेल. नळीचा व्यास आणि पेटीच्या पुढच्या बाजूचा गरुडाचा लष्करी ठसा त्याच्याशी जुळायला हवा. चीनमध्ये तर या पिस्तुलाच्या नकला गल्लीबोळातल्या कारागिरांनी केल्या. लिपी न कळता कोरलेली त्यांवरची अक्षरं चुकलेली असतात. मला विचाराल तर त्या नकलाही जपण्याजोग्या आहेत. त्या हातांचा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

सर्वांत मोलाचा असतो तो क्रमांक. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाच्या खटल्यातली ब्राउनिंग पिस्तुलं मराठी वाचकांना माहीत आहेत. त्या खुनानंतर जवळपास पाच वर्षांनी, २६ ऑगस्ट १९१४ रोजी, कलकत्त्यात शस्त्रं विकणाऱ्या रॉडा कंपनीचे कारकून श्रीशचंद्र मित्र यांनी जकात कचेरीतून शस्त्रांच्या २०२ पेट्या सोडवल्या. गोदामात पोचल्या १९२. उरलेल्या दहांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती. ती बंगालच्या क्रांतिकारकांच्या हाती गेली. पण प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक कंपनीच्या वहीत होता. त्यामुळे कुठे छाप्यात माउझर सापडलं की ते त्या पन्नासांतलं आहे का, हे पोलिसांना पडताळता येई. सरकारच्या १९१८ च्या राजद्रोह समितीच्या अहवालात या पिस्तुलांचा माग म्हणूनच इतका तपशिलाने येतो.

क्रमांक कानशीने घासून टाकला तरी बरेचदा तो पुरता जात नाही. ठशाच्या दाबाने खालचे स्फटिकही चेपलेले असतात, दिसणाऱ्या अंकापेक्षा बरेच खोलवर. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याच्या क्लोराइडचं आम्लयुक्त द्रावण लावतात. चेपलेला धातू आणि शेजारचा धातू वेगवेगळ्या वेगाने विरघळतात आणि अंक अंधूक उमटू लागतात. ते लगेच टिपून घ्यावे लागतात.

आपल्याकडे एखाद्या वाड्याच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचं पिस्तूल निघतं, तेव्हा घरचे आधी रॉकेल आणि पॉलिश पेपर शोधतात. कृपा करून तसं करू नका. त्याला हात न लावता आधी पोलिसांना कळवा, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना ते बाळगता येत नाही. ते कुणी, कधी आणलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. चामड्याच्या म्यानात असेल तर तसं आवर्जून सांगा. चामड्यातले क्षार आणि आम्लं पोलाद खात राहतात. म्हणून संग्रहालयात पिस्तूल आणि म्यान वेगवेगळं ठेवतात, आणि पोलादावर मेणाचा पातळ हात देण्यापलीकडे सहसा काही करत नाहीत.